विमान कोणाच्या वहीत? : सुपरसॉनिक प्रवासाचं एक नागपुरी प्रकरण

माझ्या मावसभावाचं सीताबर्डीला तिकिटांचं दुकान आहे. पाटीवर 'टूर्स अँड ट्रॅव्हल्स' असलं तरी तो स्वतः 'दुकान'च म्हणतो. खाली चष्मेवाला, अरुंद जिना आणि वर दोन टेबलं. तीस वर्षं झाली. रेल्वेच्या रिझर्व्हेशनपासून सुरुवात केली होती, आता निम्म्याहून जास्त धंदा विमानाचा आहे. संक्रांतीच्या दोन दिवस आधी त्याचा फोन आला, "संध्याकाळी ये. कॅल्क्युलेटर घेऊन ये." मी कॉस्ट अकाउंटंट आहे. नातेवाईक मला बहुधा कॅल्क्युलेटरसकटच बोलावतात.

प्रकरण असं होतं. वर्धा रोडवरचा एक जुना प्लॉट विकून दादाच्या हाती चाळीस लाख आले होते. ओळखीतल्या एका सल्लागारानं त्याला एक योजना दाखवली होती: ध्वनीपेक्षा वेगानं उडणारी प्रवासी विमानं आणि त्यांना लागणारं तंत्रज्ञान बनवू पाहणाऱ्या, शेअर बाजारात न नोंदलेल्या तीन-चार परदेशी कंपन्यांत पैसा लावायचा. सात ते दहा वर्षं थांबायचं, मग किती पट होतील त्याचा एक आलेख. माहितीपुस्तिका गुळगुळीत कागदावरची, सोळा पानी. चौथ्या पानावरच्या एका वाक्याखाली दादानं लाल पेनानं रेघ मारली होती. वाक्याचा अर्थ एवढाच, की कॉन्कॉर्ड हे ध्वनीपेक्षा वेगानं उडणारं जुनं प्रवासी विमान नफ्यात चालत होतं आणि ते बंद पडलं ते अपघातामुळे.

"आता सांग, काहून नाही चालणार हे?" दादा म्हणाला. "तीस वर्षांत माझ्याकडं एक माणूस असा नाही आला का जो म्हणाला, भाऊ, जरा हळू जाणारं विमान द्या."

हे वाक्य मला आवडलं. खरंही आहे. पण 'हळू नको' आणि 'वेगाचे जास्तीचे पैसे देतो' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि सगळं प्रकरण त्या फटीत अडकलेलं आहे. मी आधी चौथं पान घेतलं.

नफा कोणत्या वहीतला?

कॉन्कॉर्ड हे ब्रिटन आणि फ्रान्स या दोन सरकारांचं अपत्य. १९६२ मध्ये करार झाला आणि त्यात अंग काढून घेणं महागात पडेल अशी तजवीज केली गेली. दोनच वर्षांनी ब्रिटनमध्ये नवं सरकार आलं, त्याला हा खर्च नकोसा झाला, पण करारानं हात बांधलेले. खर्च मूळ अंदाजाच्या कित्येक पट वाढला. पंधराहून अधिक विमान कंपन्यांनी मिळून सत्तरच्या वर विमानांसाठी नावं नोंदवून ठेवली होती. त्यात आपली एअर इंडियासुद्धा होती, दोन विमानांसाठी. मग जानेवारी १९७३ मध्ये पॅन अॅम या अमेरिकी विमान कंपनीनं नकार कळवला, त्याच वर्षाच्या शेवटी तेलाचे भाव भडकले आणि रांगच मोडली. एकूण २० विमानं बनली, त्यातली १४ प्रवासी सेवेत आली: सात ब्रिटिश एअरवेजकडे, सात एअर फ्रान्सकडे. तिसरा गिऱ्हाईक आलाच नाही. न खपलेली विमानं याच दोन घरच्या कंपन्यांना नाममात्र किमतीत देऊन टाकली.

दादाला मी त्याच्याच भाषेत सांगितलं. समज, तुझ्या सासऱ्यांनी तुला इनोव्हा फुकट दिली. तू ती भाड्यानं लावलीस. डिझेल, ड्रायव्हर, टायर वजा जाता महिन्याला चार पैसे उरतात. तू म्हणशील, गाडीचा धंदा नफ्यात आहे. दुसरा कुणी तुझं ऐकून बँकेचं कर्ज काढून इनोव्हा घेईल, त्याचा हप्ता आणि घसारा धंद्यातून निघेल का?

"माझ्या सासऱ्यांनी स्कूटर दिली होती," दादा म्हणाला. पण मुद्दा पोचला.

ब्रिटिश एअरवेजचा नफा खोटा नव्हता. १९८४ मध्ये कंपनीनं १ कोटी ६५ लाख पौंड देऊन सरकारचा वाटा सोडवून घेतला. त्याआधी चालू नफ्यातले ८० टक्के सरकारला जात. त्याच सुमारास त्यांनी आपल्या गिऱ्हाइकांना विचारून पाहिलं की तुमच्या मते तिकीट केवढ्याला पडतं. बहुतेकांनी खऱ्यापेक्षा जास्त आकडा सांगितला, कारण तिकीट त्यांची सेक्रेटरी काढायची आणि पैसे त्यांची कंपनी भरायची. मग भाडं लोकांच्या अंदाजाला नेऊन भिडवलं. धंद्याची ही नजर मला फार आवडते. पण तो नफा चालू खर्चावरचा होता. विमान बनवण्याचा खर्च दोन देशांच्या करदात्यांच्या वहीत पडला होता, विमान कंपनीच्या वहीत नव्हता. आज जी खासगी कंपनी असं विमान बनवेल, तिला तो सगळा खर्च विमानाच्या किमतीत आणि पुढे तिकिटातच घालावा लागेल. चौथ्या पानावर हे नव्हतं. खोटं काही लिहिलं नव्हतं, एक रकाना गाळला होता.

अपघाताचंही तेच. २५ जुलै २००० ला पॅरिसजवळ ११३ माणसं गेली, आणि तो घाव मोठाच होता. पण दुरुस्ती होऊन विमानं नोव्हेंबर २००१ मध्ये पुन्हा उडाली होती. २००३ मध्ये सेवा थांबली ती हिशेबानं: प्रवासी घटलेले, देखभाल महागलेली.

दिवसाला दोन तास

पुस्तिकेत जे नव्हतं ते मी बाहेरून आणलं. ब्रिटिश एअरवेजच्या सात कॉन्कॉर्डनी सत्तावीस वर्षांत मिळून जवळपास ५० हजार उड्डाणं केली, १ लाख ४० हजार तासांहून थोडं जास्त उडाली आणि २५ लाखांवर प्रवासी नेले. हे आकडे कौतुकानं सांगितले जातात. कॉस्टवाल्यानं मात्र भागाकार करून बघायचा असतो.

२५ लाख भागिले ५० हजार म्हणजे एका उड्डाणात पन्नास माणसं. विमानात जागा शंभर.

१ लाख ४० हजार तास भागिले सात विमानं, भागिले सत्तावीस वर्षं. वर्षाला एका विमानाचे साधारण ७४० तास, म्हणजे दिवसाला दोन तास. मधलं वर्षभराचं बंद पडणं सोडून दिलं तरी आकडा फार हलत नाही. लांब पल्ल्याचं साधं जेट दिवसाला बारा-तेरा तास हवेत असतं.

मी कॅल्क्युलेटर दादाकडे वळवला. त्यानं चष्मा कपाळावर सरकवून आकडा दोनदा पाहिला. "दोन तास? बर्डीवरचा ऑटोवालासुद्धा दोन तासात घरी नाही जात."

असं का होतं? विमानाचा वेग दुप्पट झाला म्हणून फेऱ्या दुप्पट होत नाहीत. लंडनहून साडेदहाला निघालेलं कॉन्कॉर्ड न्यूयॉर्कला तिथल्या घड्याळात साडेनऊच्या आसपास उतरायचं, निघाल्या वेळेच्या आधी! जाहिरातीला याहून चांगलं काय हवं? पण येताना हेच घड्याळ उलटं फिरतं. दुपारी पावणेदोनला न्यूयॉर्क सोडलं तर लंडनला रात्रीचे साडेदहा, म्हणजे कामाचा अख्खा दिवस गेला. साध्या विमानानं रात्री निघून सकाळी पोचलेला माणूस दिवस वाचवतो. रात्री विमान उतरवायला शहरांची मनाई, पहाटे निघायला प्रवाशांची नाखुशी. शेवटी दिवसातून एक-दोन वेळाच अशा उरतात की ज्या विकल्या जातील.

त्यात २००० साली ब्रिटिश एअरवेजनंच आपल्या बिझनेस क्लासमध्ये पूर्ण आडवी होणारी खुर्ची आणली. कॉन्कॉर्डची खुर्ची अरुंद, छत बुटकं. मोठा साहेब रात्रभर पाय पसरून झोपून सकाळी मीटिंगला जाऊ लागला, तोही कमी पैशात. माझ्या मते कॉन्कॉर्डला खरा मार तिथे बसला, आणि तोही घरातूनच. दादानं हे लगेच मान्य केलं. त्याच्याकडे बिझनेस क्लासची तिकिटं वर्षाकाठी बोटांवर मोजण्याइतकी निघतात, आणि ती घेणारा पहिला प्रश्न विचारतो, 'सीट सपाट होते ना?'

इंधनाचं मी थोडक्यात आटोपलं. पूर्ण भरलेल्या कॉन्कॉर्डमध्ये सुमारे ९५ टन इंधन मावायचं, आणि अटलांटिक ओलांडताना माणशी जवळपास टनभर जळायचं. नुसतं धावपट्टीच्या टोकापर्यंत जाण्यात दोन टन. भाव वाढला की साध्या विमानाला चटका बसतो, याला भाजतं. १९९७ मध्ये न्यूयॉर्क–लंडन जाऊन-येऊन तिकीट आठ हजार डॉलरच्या घरात होतं, ते उगाच नाही.

मधोमध असण्याचं दुखणं

मग वहिनींनी तिळगूळ आणि चहा पाठवला आणि विषय नागपूरवर आला. दादाचा खरा जीव तिथे होता. माझे काका, म्हणजे त्याचे वडील, टपाल खात्यात होते. १९४९ पासून बरीच वर्षं दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रासहून निघालेली टपालाची विमानं मध्यरात्री नागपूरच्या सोनेगाव विमानतळावर एकत्र येत, थैल्यांची अदलाबदल करत आणि पहाटेपर्यंत आपापल्या गावी परत जात. दादा लहान असताना काकांनी त्याला एकदा रात्री सायकलच्या दांडीवर बसवून ते बघायला नेलं होतं. अंधारात दिवे, मग आवाज, मग एकेक विमान. तेव्हापासून त्याच्या डोक्यात पक्कं बसलंय की विमानाच्या धंद्यात नागपूरला मोल आहे, कारण नागपूर मधोमध आहे. विमानतळाजवळचा मिहान हा उद्योग-प्रकल्प आला, बोइंगनं उभारलेलं देखभालीचं केंद्र आलं, तेव्हा तो शहाण्यासारखं हसला होता.

सुपरसॉनिकच्या बाबतीत नेमकं मधोमध असणंच आडवं येतं. ध्वनीपेक्षा वेगानं जाणारं विमान मागे धक्क्याची लाट ओढत नेतं. पुष्कळांना वाटतं की वेगाची भिंत ओलांडताना एकदाच 'धडाम' होतं आणि संपतं. तसं नाही. जोवर विमान त्या वेगानं जातंय तोवर तो आवाज त्याच्या वाटेखाली सतत सरकत राहतो. पट्ट्याची रुंदी ढोबळमानानं उंचीच्या दर हजार फुटांना एक मैल. पन्नास हजार फुटांवरून गेलं तर खाली ऐंशी किलोमीटर रुंद पट्ट्यातल्या प्रत्येक खिडकीला तो दणका. मे २०२० मध्ये बंगळूरला असा एक आवाज झाला तेव्हा लोकांना भूकंप वाटला. नंतर कळलं, हवाई दलाच्या विमानाचं चाचणी उड्डाण होतं. असं रोज, वेळापत्रकानुसार, कोण सहन करेल?

म्हणून अमेरिकेनं १९७३ मध्ये जमिनीवरून असं उडायला प्रवासी विमानांना बंदी केली. भारतानंही कॉन्कॉर्डला आपल्या जमिनीवरून तो वेग घेऊ दिला नाही. लंडन–बहारिन–सिंगापूर सेवा १९७७ मध्ये सुरू झाली, मलेशियाच्या हरकतीनं तीन फेऱ्यांत थांबली, १९७९ मध्ये पुन्हा चालू झाली आणि १९८० मध्ये कायमची मिटली. सुपरसॉनिकला समुद्र लागतो, आणि आपल्याला समुद्र दोन्ही बाजूंना शेकडो किलोमीटर लांब.

"बरं, मुंबईहून धर," दादा म्हणाला. तो इतक्यात सोडणारा नव्हता.

धरलं. मुंबई–लंडन साधारण ७,२०० किलोमीटर. नव्या पिढीतलं सगळ्यात पुढे असलेलं बूम कंपनीचं 'ओव्हर्चर' हे विमान ६० ते ८० प्रवासी, १.७ मॅक (म्हणजे ध्वनीच्या १.७ पट) वेग आणि पावणेआठ हजार किलोमीटरच्या पल्ल्याचं ठरवलेलं आहे. कागदावर बसतंय. पण या वाटेवर समुद्र किती? अरबी समुद्र, आखातापर्यंत. वळसा न घेता सुमारे १,८०० किलोमीटर धरू. पुढे सगळी जमीन. या १,८०० किलोमीटरला साध्या विमानाला दोन तास लागतात, १.७ मॅकला एक. चढाईचा आणि वेग पकडण्याचा वेळ धरला तर एक तासही पुरता वाचत नाही. जमिनीवरून ते साध्या विमानापेक्षा जरा वेगानं जाणार, तिथे अजून थोडा वाचेल. एकूण दीड तास म्हणू, हात सैल सोडून.

आता नागपूरचा माणूस. घर ते सोनेगाव, दोन तास आधी. मुंबईपर्यंत दीड तास. तिथे टर्मिनल बदलायचं असेल तर सामान उचला, बाहेर या, गाडी पकडा, पुन्हा रांग. मग तीन-चार तासांची वाट. सोळा-सतरा तासांच्या प्रवासात वाचणारा दीड तास हा मुंबईच्या एका टर्मिनलहून दुसऱ्यावर जाण्यातच विरघळतो. आणि त्यासाठी बिझनेस क्लासचं भाडं.

दादानं उठून आपलं लांब रजिस्टर काढलं. कॉम्प्युटर आहे, तरी तो हे ठेवतो. शेवटचा रकाना 'विशेष'. आम्ही दोन वर्षांतल्या लंडन-अमेरिकेच्या नोंदी वाचत गेलो. 'व्हीलचेअर.' '२३ किलोच्या दोन बॅगा.' 'परतीची तारीख बदलेल.' 'जेवण जैन.' 'दोह्यात ३ तासांपेक्षा कमी थांबा नको, सासूबाई सोबत.' म्हणजे थांबा जास्त हवा! 'लवकर पोचायचं' अशी नोंद एकच सापडली. एका मुलाचे वडील तिकडे वारले होते. त्याला हवं होतं पुढचं विमान, मग ते कितीही हळू चालो. दिवसातून एकच फेरी करणारं वेगवान विमान त्याच्या काय कामाचं होतं? मला वाटतं रजिस्टरातल्या त्या एका ओळीनं दादाला माझ्या सगळ्या भागाकारांपेक्षा जास्त सांगितलं. तो बराच वेळ त्या पानावर बोट ठेवून होता.

दुसरी बाजूही

एवढं झाल्यावर प्रकरण बंद करणं सोपं होतं. पण कॉन्कॉर्डची सेवा सुरू झाली त्या १९७६ ला तंत्र थांबलेलं नाही, हे मला मांडावं लागलं. बूमच्या छोट्या एक्सबी-१ विमानानं २८ जानेवारी २०२५ ला मोहावीच्या वाळवंटावर १.१२ मॅक गाठला आणि जमिनीवर धडाका ऐकू आला नाही. युक्ती अशी की वरची हवा थंड, खालची गरम. गरम हवेत ध्वनी जास्त वेगानं जातो, त्यामुळे लाट खाली येता येता वर वळते. विमानाचा वेग ठरावीक मर्यादेत ठेवला तर ती जमिनीला टेकतच नाही. जमीन जितकी तापलेली तितकी ही मर्यादा वर सरकते. नागपूरचा मे महिना इथे प्रथमच कामाला येईल म्हणायचा. पण ही मर्यादा फार तर १.२-१.३ मॅकची. ध्वनिवेगाच्या आसपास हवेचा अडथळाही चांगलाच वाढतो, आणि इंधनाची किंमत मोजून मिळणारा वेग साध्या विमानाच्या फार तर दीडपट भरतो.

नासानं वेगळा रस्ता धरलाय. लांब चोचीचं एक्स-५९ हे विमान ऑक्टोबर २०२५ मध्ये पहिल्यांदा उडालं. त्याच्या आकारामुळे धडाक्याऐवजी दूरवर गाडीचं दार लावल्यासारखा आवाज व्हावा, असा हेतू आहे. जून २०२५ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांनी १९७३ची बंदी उठवण्याचा आदेशही काढला. तो अमेरिकेच्या आकाशापुरता, पण त्यानं न्यूयॉर्क–लॉस एंजेलिस खुलं होऊ शकतं, आणि ते लहान गिऱ्हाईक नव्हे. युनायटेडनं १५ आणि अमेरिकन एअरलाइन्सनं २० पर्यंत ओव्हर्चरच्या ऑर्डर दिलेल्या आहेत.

ऑर्डरींना मात्र मी फार वजन देत नाही. एरियन नावाच्या कंपनीकडे सुपरसॉनिक बिझनेस जेटच्या अकरा अब्ज डॉलरहून जास्त किमतीच्या ऑर्डर होत्या, आणि मे २०२१ मध्ये पैसा उभा राहिला नाही म्हणून तिनं शटर ओढलं. इंजिनाचा प्रश्न त्याहून मोठा. विमानाची इंजिनं बनवणारी रोल्स-रॉइस २०२२ मध्ये बूमपासून बाजूला झाली. मोजक्या विमानांसाठी नवं इंजिन बनवणं या मोठ्या कंपन्यांना परवडत नाही. मग बूमनं स्वतःचं इंजिन करायला घेतलं आणि डिसेंबर २०२५ मध्ये त्याच तंत्रावरची गॅस टर्बाइन डेटा सेंटरना वीज पुरवण्यासाठी विकायचं जाहीर केलं. हे मला सगळ्या बातम्यांत शहाणपणाचं वाटलं. विमान उडायच्या आधी इंजिनानं जमिनीवर कमावायला लागावं! एवढा मोठा खर्च दुसऱ्या कुठल्या तरी वहीत टाकल्याशिवाय जमत नाही, हे त्यांनाही कळलंय. फक्त या वेळी ती वही सरकारची नाही.

दादानं विचारलं, "म्हणजे चालेल का नाही, एका शब्दात सांग."

दोन वाक्यांत सांगितलं. अटलांटिकवर आणि कदाचित अमेरिकेच्या आत, श्रीमंतांसाठी, थोडी विमानं चालतील. पण ती बनवणाऱ्याला बनवण्याचा खर्च त्यातून परत मिळेल, असं मला आकड्यांत कुठे दिसत नाही, आणि तुझे चाळीस लाख बनवणाऱ्याच्या बाजूला लागणार आहेत.

त्या रात्री त्यानं काही ठरवलं नाही. संक्रांतीला त्याच्या गच्चीवर होतो. पोरं पतंगांवर ओरडत होती, मांजाला चिकटपट्टी लावलेली बोटं घेऊन दादा वर बघत होता. फार उंचावर एक पांढरी रेघ उमटत होती, पश्चिमेकडून पूर्वेकडे. नागपूरवरून अशी कितीतरी विमानं इथे न उतरता निघून जातात. त्यानं मोबाइलवर ते कुठलं विमान आहे ते शोधलं, वेग वाचला आणि मोबाइल खिशात टाकला.

पुढच्या आठवड्यात त्यानं सल्लागाराला फोन केला. पस्तीस लाख बँकेत ठेवले, पाच लाख त्या योजनेत घातले. सल्लागार पाचाच्या खाली उतरायला तयार नव्हता. मी चिडलो. एवढं समजावून पाच लाख? मार्चअखेर त्याचे कागद लावायला बसलो तेव्हा ती रक्कम 'गुंतवणूक – परदेशी' या शीर्षाखाली दाखवली. कर खात्यासाठी ती तशीच राहील. पण त्याच्या स्वतःच्या डायरीत, जिथे तो घरचा खर्च मांडतो, त्या पानावर पाच लाखांपुढे त्यानं लाल पेनानं लिहिलं होतं, 'हौस', आणि कंसात काकांचं नाव.